आमची वाटचाल: आयर्विन पूल ते दुष्काळी माळ

सांगलीत पावसाळा लागला की घराघरात एकच चौकशी असते, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ला धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५७च्या वर गेलं, आणि त्याच दिवसांत जत-आटपाडीकडे पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. एकाच जिल्ह्याची ही दोन टोकं. त्यांच्या मधे थोडक्या गरजांत नेटका संसार करणारी माणसं आहेत, आणि आमचे माहितीपट त्यांच्याबद्दल आहेत.

खर्च भागतो लग्नांच्या शूटिंगवर. अडचण अशी, की मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी त्यांची कुटुंबं, दिवाळीच्या सुमारास घाट उतरायला निघतात आणि लग्नसराईही तेव्हाच सुरू होते. त्यामुळे वर्षाचे दिवस आधीच वाटून घ्यावे लागतात.

चमू तिघांचाच: कॅमेरा, आवाज, आणि बोलणारा-टिपणारा. जिथं हंडाभर पाण्यासाठी पायपीट आहे तिथं पाहुण्यांचा भार पडू द्यायचा नाही, म्हणून २० लिटरचा जार आणि शिधा बरोबर असतो. भेगाळलेली जमीन आणि ड्रोनमधून दिसणारा पूर आम्ही जवळजवळ टाळतोच. त्यात संकट दिसतं, पण माणूस त्यातून वाट कशी काढतो ते दिसत नाही. येरळा नदीवरचं बलवडी गावचं बळीराजा धरण नुसतं भरलेलं दाखवून काय कळणार? भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, हा विचार तिथं १९८०च्या दशकात लोकांनी उभा केला. तो दाखवायचा तर पाळीपत्रक (कुणाला पाणी कधी, याची यादी), पाट आणि बांधावरची बोलणी चित्रित करावी लागतात.

माहितीपट बहुतेक वेळा आवाजात फसतो. माळावरचा वारा उघड्या माइकवर आदळला की नुसती घरघर येते आणि ती नंतर निघत नाही. अंगावर घोंगडं असेल तर कॉलर माइक लावूच नये, जाड लोकर सतत खरखरते. बूमला, म्हणजे लांब काठीवरच्या माइकला, केसाळ आवरण घालून तो तोंडापासून दोन फुटांवर धरायचा. आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली की मोठ्यानं हसल्यावरही तो फाटत नाही. बोलणं संपलं की सगळ्यांनी गप्प राहून त्या जागेचा एक मिनिट आवाज घ्यायचा. तो नसला तर संकलनात प्रत्येक जोडाशी कानाला खड्डा जाणवतो.

हरिपूरची हळदीची पेवं हा आमचा सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय. जमिनीच्या पोटातलं ते विजेशिवायचं कोठार, आणि २००५च्या महापुरानं त्याची मोठी हानी केली. बंद पेवात प्राणवायू उरत नाही, म्हणून तोंड उघडून ते बराच वेळ मोकळं ठेवल्याशिवाय कुणीही आत उतरायचं नाही. कॅमेरा दोरीनं आधी सोडता येतो, माणूस नाही. गार जागेतून बाहेरच्या दमट उकाड्यात आल्यावर लेन्सवर दव धरतं. कॅमेरा अर्धा तास बंद पिशवीतच राहू द्यावा, पुसण्याची घाई केली तर काचेवर ओरखडे उठतात.

आमच्या दमट हवेत लेन्सला बुरशी फार लवकर लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर राखतो. निळे खडे गुलाबी झाले की मंद आचेवर परतून पुन्हा निळे करता येतात, मात्र त्या रंगातलं कोबाल्ट विषारी असतं, त्यामुळे कढई वेगळीच ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा.

सेकंदाला १०० मेगाबिट या दर्जाला तासाभराचं चित्रण ४५ जीबी होतं. त्याच्या तीन प्रती करतो, त्यातली एक विट्याला, पूररेषेपासून लांब. 'कॉपी पूर्ण' एवढं वाचून कार्ड पुसू नये. दोन ठिकाणी फाइल उघडून, सुरुवात, मध्य आणि शेवट पाहूनच पुसावं.

माणदेशी बोलीला उपशीर्षकं देताना प्रमाण मराठी घालत नाही, शब्द बोलले तसेच राहतात. सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडलेलं नसेल तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं फुटतात.

पहिला खेळ ज्यांचं चित्रण केलं त्यांच्यासमोरच, देवळाच्या सभामंडपात, रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीवर. चादर वाऱ्यानं हलते. कुणी 'एवढं काढा' म्हटलं तर ते काढतो, कारण विचारत नाही. शेवटची प्रत पेनड्राइव्हवर गावातच राहते. जुन्या टीव्हींसाठीचे पेनड्राइव्ह बहुधा एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटचे असतात आणि ४ जीबीवरची फाइल घेत नाहीत, म्हणून तासाभराची फिल्मही आम्ही त्याच्या आतच बसवतो.