गाळाने घडवलेले गाव

किनाऱ्यावरच्या लहान गावांचा इतिहास वाचताना मला तटबंदीपेक्षा गाळ अधिक बोलका वाटतो. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर १२८७ साली आलेल्या प्रचंड वादळाने रॉदर नदीचा मार्गच बदलला. न्यू रॉम्नीचे भरभराटीचे बंदर वाळू-गाळाने बुजले आणि नदी राय या गावाजवळ समुद्राला मिळू लागली. पुढे रायच्या भोवतालची खाडीही भरत गेली, आणि एके काळी पाण्याने जवळजवळ वेढलेले हे टेकडीवरचे गाव आज समुद्रापासून सुमारे ३ किलोमीटर आत आहे. व्यापाराची हानी झाली खरी. पण (हे लिहिताना थोडा संकोच वाटतो) समुद्राने मागे टाकलेल्या दगडगोट्यांच्या पट्ट्यांवर आता सुरय पक्षी घरटी करतात.