मंगळावरचा फोन

दुसऱ्या दिवशी छपाईला जाणाऱ्या कथासंग्रहाची शेवटची प्रुफं समोर होती. 14 कथा, सगळ्या तऱ्हेवाईक. एकीत कपाटातला ड्रॅगन रोज रात्री मालकाचे मोजे मोजतो, दुसरीत एका माणसाची सावली त्याच्याकडे रजा मागते. असल्या कथा तपासताना तर्क गुंडाळून ठेवायचा, असं लोकांना वाटतं. उलट आहे. ड्रॅगन मोजे मोजतो हे एकदा मान्य केलं की त्याचा हिशेब चुकता कामा नये. तिसऱ्या पानावर 7 जोड आणि नवव्यावर 8, हे मी चालवून घेत नाही.

अकराव्या कथेत अडकले. मंगळावर एकटा राहणारा मुलगा पृथ्वीवरच्या आईशी फोनवर बोलतो. प्रश्न, लगेच उत्तर, वर हशा. हे माझ्या तीन वाचनांतून सुटलं होतं! मंगळ अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो; रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगानं गेला तरी 3 मिनिटं लागतात. सूर्याच्या पलीकडे गेला की 22. उत्तर हवं तर दुप्पट.

लेखिकेला फोन केला. ती उखडलीच.

"ताई, तुम्हाला ड्रॅगन चालतो आणि फोन चालत नाही?"

"ड्रॅगनचे नियम तू ठरवलेस. हा मंगळ मात्र खरा आहे. तांबडी धूळ, 24 तास 39 मिनिटांचा दिवस, तूच लिहिलंयस."

तिनं फोन ठेवला. खरं तर आपटला.

संध्याकाळी नवा मजकूर आला. 3 आणि 22 च्या मधला 12 मिनिटांचा उशीर तिनं धरला होता. फक्त आई आता प्रश्नासाठी थांबत नव्हती. मुलगा 'मी जेवलो' म्हणायला तोंड उघडतो, तोच 12 मिनिटांपूर्वी निघालेला तिचा आवाज पोहोचतो: 'खोटं बोलू नकोस.'

कथा कितीतरी सुधारली आणि दीड पानानं लांबली. फर्मा, म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घातलेला पानांचा संच, 16 पानांचा. पुस्तक बरोबर 11 फर्म्यांत, 176 पानांत बसवलेलं, शेवटी एकही कोरं पान नाही. दीड पानासाठी अख्खा फर्मा वाढवायला निर्मितीवाले तयार होईनात. टाइप बारीक करायला मी. सावलीच्या कथेवरून दोनदा पेन्सिल फिरवली, एक ओळ निघेना.

सुरुवातीला दोन पानांचं माझं संपादकीय मनोगत होतं. कल्पना आणि तर्क यांच्या नात्यावर बरंच शहाणपणाचं लिहिलं होतं त्यात. ते काढलं, आणि बदललेले पृष्ठांक अनुक्रमणिकेत पुन्हा घालत बसले.