आजीची व्हॅसलीनची डबी

आमच्या वेळी गॅदरिंग म्हणजे मांडव, चुरगळलेला पडदा आणि 'आपला कुठाय' म्हणत माना उंचावणारे पालक. सॅन डिएगोत लेक नववीला हाय टेक हायमध्ये गेली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनाला मी तशाच तयारीने कॅमेरा घेऊन गेलो. बघतो तर स्टेजच नाही! प्रत्येक पोर आपापल्या वस्तूशेजारी उभं, आणि येईल त्याने त्याला विचारायचं.

शाळा 2000 सालची, नौदलाच्या जुन्या प्रशिक्षण केंद्राच्या आवारातली. चार्टर, म्हणजे पैसा सरकारी, फी नाही, कारभार मात्र स्वतंत्र. प्रवेश गुणांवर नाही, पत्त्याचा झिप कोड धरून लॉटरीने. (आमचा नंबर लागला तेव्हा मी गणपतीला नारळ फोडला होता, हे लेकीला अजून माहीत नाही.) विमानतळ इतका जवळ की विमान डोक्यावरून गेलं की सगळे गप्प. ते गेलं की पोरं अडलेल्या शब्दापासून पुढे सुरू.

त्या वर्षी आई वर्ध्याहून आली होती. संस्थापक लॅरी रोझेनस्टॉक वकिली शिकलेले, पण मुलांना सुतारकाम शिकवायचे, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आमच्या टकळीतलेच की!" 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नई तालीम, म्हणजे सूतकताईसारख्या हातकामातून शिक्षण, मांडली गेली, ती तिच्या अंगवळणी पडलेली. इथे टकळीच्या जागी लेझर कटर, एवढाच काय तो फरक.

लेकीने लाकडी बगळा केला होता. हँडल फिरवलं की पंख हलायचे. आदल्या दिवसापर्यंत हलत होते. त्या संध्याकाळी दमट हवेने प्लायवूड फुगलं आणि पंख अडकले. पाहुणे समोर, लेकीचे डोळे भरलेले. मी फोनवर काहीतरी शोधत बसलो, नेहमीप्रमाणे.

आईने बटवा उघडला. "अगं, कपाटाचा खण अडकला की आपण काय करतो?" बोटभर व्हॅसलीन खाचेत फिरलं.

"आजी, तू हँडल धर."

विमान वरून जात होतं, कोणाचं काही ऐकू येत नव्हतं, आणि बगळा करकरत पंख हलवायला लागला. नंतर लेकीने पाहुण्यांना घर्षण समजावून सांगितलं, आजीकडे बोट दाखवून.

डबी परत न्यायची राहिली. पुढच्या प्रत्येक प्रदर्शनात ती लेकीच्या टेबलाखाली असायची, पान्यांच्या शेजारी.