तुम्ही विचारलंत म्हणून: केमिकल बायोलॉजीत पीएच.डी. करावी का?

एम.एस्सी. ऑरगॅनिक झालेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे आईवडील, मला हमखास विचारतात: केमिकल बायोलॉजीत (म्हणजे रसायनशास्त्राची साधनं वापरून जीवशास्त्राचे प्रश्न सोडवायच्या विषयात) पीएच.डी. केली तर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ अशी गत होणार नाही ना? मी अमेरिकेत याच विषयात पीएच.डी. केली, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो.

होऊ शकते. केमिस्ट्री आणि बायोलॉजी या दोन्ही विभागांतले कोर्स नुसते गोळा केले तर होतेच. एका विषयात हात पक्का बसलेला हवा. माझा सिंथेसिसमध्ये, म्हणजे रेणू बनवण्यात, बसला होता: रिअॅक्शन लावणं, कॉलम करणं (मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढणं), एनएमआर वाचणं (रेणूची रचना तपासणं). दुसरा विषय निदान इतका यावा, की आपल्याच निकालावर शंका घेता येईल.

ही शंका रोटेशनमध्ये शिकायला मिळते. आपल्याकडे बहुतेक वेळा आधी गाइड ठरतो. तिकडच्या अशा प्रोग्रॅममध्ये पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही काही आठवडे काम करायचं आणि मग गाइड निवडायचा. माझं एक रोटेशन एन्झाइमवाल्यांकडे होतं. तिथे एक रेणू एन्झाइमला इतका झकास अडवत होता, की मी मनातल्या मनात पेपरचं शीर्षकही ठरवलं होतं. लॅबमधल्या सीनियर मुलीने काही न बोलता तोच प्रयोग ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० घालून लावला. ट्रायटन म्हणजे एक डिटर्जंट. सगळा परिणाम गायब! असे काही रेणू पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात, एन्झाइम त्या गोळ्यांना चिकटून निकामी होतं आणि आपल्याला वाटतं औषध सापडलं. डिटर्जंटने गोळे मोडले की बिंग फुटतं. माझा एनएमआर अगदी स्वच्छ होता, पण त्यावरून हे कळायला मार्गच नव्हता.

(पेशींना रविवार नसतो, हेही तिथेच कळलं. रिअॅक्शन सोमवारपर्यंत ढवळत ठेवता येते, पेशींना मात्र वेळच्या वेळी नवं पोषक द्रव द्यावंच लागतं.)

दोन विषय एकाच डोक्यात असण्याचा फायदा काय, हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझींच्या कामात दिसतं. अझाइड आणि अल्काइन हे दोन रासायनिक गट तांब्याच्या मदतीने एकमेकांना जोडणारी क्लिक रिअॅक्शन २००२ साली आली. फ्लास्कमध्ये उत्तम, पण तांबं जिवंत पेशींना विषारी. सायक्लोऑक्टाइन, म्हणजे आठ कार्बनच्या कड्यात ताणून बसवलेलं अल्काइन, तांब्याशिवायच अझाइडशी भिडतं, हे विटिग आणि क्रेब्स यांनी १९६१ सालीच नोंदवलं होतं. ती जुनी नोंद जिवंत पेशींवरच्या रेणूंना खूण लावायच्या कामाला लावली बर्टोझींच्या गटाने, २००४ मध्ये. त्यांची पीएच.डी. रसायनशास्त्रातली आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन) पेशी एकमेकींना कशा चिकटतात यावर. २०२२ चं नोबेल तांब्याची ती क्लिक शोधणाऱ्या शार्पलेस आणि मेल्डाल यांच्यासोबत त्यांना मिळालं.

आता पैशाचं. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत ‘केमिस्ट्री-बायोलॉजी इंटरफेस’ नावाचे प्रोग्रॅम एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या टी३२ नावाच्या प्रशिक्षण ग्रँटवर चालतात. त्या ग्रँटमधून विद्यावेतन मिळतं ते नागरिकांना किंवा ग्रीनकार्डवाल्यांना. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांचा खर्च गाइडच्या ग्रँटमधून, नाहीतर टीए (शिकवण्यात मदतीचं काम) करून निघतो. ग्रँट नसली तरी त्या प्रोग्रॅमच्या सेमिनार-कोर्सना बसता येतं का, हे अर्जाआधीच ईमेल करून विचारा.

परदेशी जायलाच हवं असं नाही. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) शेजारी शेजारी आहेत. कुठेही जा, पण वेबसाइटवरच्या ‘इंटरडिसिप्लिनरी’ला भुलू नका. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन थीसिस उघडून बघा: पेशींवरचे प्रयोग मुलाने स्वतः केलेत, की ‘कोलॅबोरेटरकडे पाठवले’ असं एक वाक्य आहे? दुसरं असेल तर सरळ केमिस्ट्रीत पीएच.डी. करा.

नोकरीचं विचाराल तर सिंथेसिसच्या जागेसाठी मुलाखतीत सिंथेसिसच विचारतात, आणि तिथे बायोलॉजी येते म्हणून कुणी सूट देत नाही. म्हणून तर म्हटलं, एक हात पक्का हवा.