नागपूरच्या उन्हात पेटत नाही का?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारून झालाय, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर विचारून झालाय, एकदा तर मयतीला गेलो तिथेही. "घरी बनवली म्हणता बॅटरीची गाडी, अन् आपल्या उन्हात पेटत नाही का हो ते?" उभ्या उभ्या मी "नाही पेटत" म्हणून मोकळा होतो. पण परवा तुम्ही विचारलंत आणि उत्तर ऐकायला थांबलातही, म्हणून हे सविस्तर.

आधी गाडी काय आहे ते. जुनी 150 सीसीची बाइक, इंजिन जाम होऊन चार वर्षं नंदनवनातल्या घरामागे उभी होती. इंजिन उतरवलं आणि त्या जागी तीन किलोवॅटची मोटर बसवली. ज्या प्लेटवर मोटर बसते ती हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून दोनदा करून घ्यावी लागली, कारण पहिल्या प्लेटमध्ये चेन स्प्रॉकेटच्या सरळ रेषेत येत नव्हती. टाकी पोकळ केली, तिच्यात मोटरला हवी तेवढी वीज सोडणारा कंट्रोलर. खाली पेटी, पेटीत 24 सेल. सेल 3.2 व्होल्टचे, 50 अँपिअर-अवरचे, म्हणजे सगळे मिळून पावणेचार युनिटच्या थोडी वर वीज. नुसत्या सेलचंच वजन तीस किलोच्या आसपास.

रस्त्यावर मी ती आणत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, इंजिन काढून मोटर टाकायची तर मान्यता मिळालेलं किटच लागतं आणि नोंद आरटीओत बदलून घ्यावी लागते. माझ्या हातच्या जुगाडाला ती मान्यता कोण देणार? म्हणून छोटा हत्ती करून गाडी काटोलकडे सासऱ्यांच्या संत्र्याच्या बागेत नेऊन टाकली. तिथे ती कॅरेट वाहते, मोटरपंपापर्यंत चक्कर मारते, नाल्याचा चढ चढते. एका चार्जमध्ये शंभरेक किलोमीटर जाईल असा हिशोब आहे, पण बागेत शंभर किलोमीटर फिरायला जागा कुठे!

आता ऊन. लोकांच्या मनात ही भीती का बसली ते मला समजतं. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये ठिकठिकाणच्या पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम, एआयएस 156, कडक केले आणि त्याच डिसेंबरपासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. ते व्हिडिओ उन्हाळ्यातले होते, म्हणून दोष उन्हाच्या माथी गेला. आणि आपलं ऊन म्हणजे काय! 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. मे अखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला की खिशात कांदा आणि तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय इथे कोणी दुपारी बाहेर पडत नाही.

पण 47 अंश हा आकडा आपल्यासाठी भयंकर आहे, सेलसाठी तितका नाही. मी मुद्दाम लोह-फॉस्फेटचे सेल घेतले, ज्यांना सगळे एलएफपी म्हणतात. निकेल-कोबाल्टवाले सेल याहून हलके असतात, तेवढ्याच वजनात जास्त वीज ठेवतात, आणि माझाही जीव त्यांच्यावरच होता. फरक असा की ते सेल फार तापले तर त्यांच्या रसायनातून ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, सहज सुटत नाही. सेलचा स्वतःहून भडका उडायला दोनशे अंशांच्या पुढची बात लागते, नुसत्या उन्हाने ते होत नाही. "एलएफपी पेटतच नाही, लिहून देतो" म्हणणारे दुकानदार भेटतात, त्यांच्याकडून काही घेऊ नका. चेचला, चार्जिंगची हद्द ओलांडली, तर त्यातूनही पेट घेणारा गॅस निघतोच.

ऊन सेल जाळत नाही, त्याचं आयुष्य मात्र खातं. माझ्या सेलच्या कागदावर चार्जिंगची मर्यादा 45 अंश दिलीय आणि मे महिन्यात दुपारी फिरून आल्यावर पेटीत मी 52 पाहिलेत. अशा वेळी चार्जर लावला तर सेल लवकर म्हातारे होतात. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे. दहा अँपिअरचा चार्जर आहे, रिकाम्या बॅटरीला पाच तास, तीन वाजता टायमर सुरू होतो. उन्हाचं एवढंच.

गाडी पेटता पेटता राहिली ती डिसेंबरात.

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी चालू होती. सकाळी थंडी इतकी की मी स्वेटर घालून होतो. मागे दोन कॅरेट बांधले आणि नाल्याच्या चढाला थ्रॉटल पूर्ण पिळला. त्याआधी आठवडाभर मोबाइलच्या ॲपवर एक विचित्र गोष्ट दिसत होती. जोर लावला की सतराव्या नंबरच्या सेलचा व्होल्टेज 2.7 पर्यंत पडायचा, बाकीचे तेवीस तीनच्या वर. थ्रॉटल सोडला की सतरावा पुन्हा जागच्या जागी. मी सेल विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, दुय्यम माल गळ्यात मारला म्हणून.

चढ संपला आणि वास आला. जळक्या प्लास्टिकचा, गोडसर. खाली उतरून पेटी उघडली तर सतराव्या सेलच्या बसबारवरची, म्हणजे एक सेल दुसऱ्याला जोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरची, लाल स्लीव्ह काळी पडून आक्रसलेली, बाजूची वायर चिकट झालेली. आणि ॲपवर तापमान किती? 24 अंश. बीएमएसचा, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचा, सेन्सर पेटीच्या मधल्या सेलला चिकटवलेला होता, त्या बिचाऱ्याला दोन वीत पलीकडचं काय कळणार!

मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) पाण्याची बादली घेऊन धावत आले. "जावईबापू, जळून राहिली ना गाडी! मी तं म्हणतच होतो!" त्यांना हाताने थोपवलं, मेन स्विच पाडला आणि थंड होईपर्यंत दूर उभा राहिलो. नंतर पान्याशिवाय, नुसत्या बोटाने त्या बसबारचा नट अर्धा आटा फिरला.

बागेतली वाट म्हणजे ढेकळं आणि धक्के. ताठ पट्टीचा बसबार धक्क्याने नटाला हळूहळू सैल करत होता. जोड सैल झाला की तिथला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. चार मिलिओहम, म्हणजे ओहमचे चार हजारांश, हे काहीच नाही असं वाटतं ना? चढाला माझी मोटर 80 अँपिअर ओढते. करंटचा वर्ग गुणिले रोध, तेव्हा 6,400 गुणिले 0.004, पंचवीस वॅटची उष्णता. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची छोटी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचीच असते. ती मी दोन कॅरेट संत्र्यांखाली चालू ठेवून फिरत होतो. आणि सतराव्या सेलचे ते पडणारे 0.3 व्होल्टही तिथलेच: 80 गुणिले 0.004. सेल ठणठणीत होता, दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली.

मग सगळी पेटी सोडवली. ताठ पट्ट्या काढून तांब्याच्या वेणीचे लवचिक बसबार टाकले. ॲल्युमिनियमच्या टर्मिनलवर पांढुरका थर चढतो, तो पॉलिश पेपरने घासून लगेच जोड आवळले. प्रत्येक नटाखाली स्प्रिंग वॉशर, हाताच्या अंदाजाऐवजी जोर मोजून आवळणारा पाना, टॉर्क रेंच. दोन जादा सेन्सर दोन्ही टोकांच्या जोडांवर. आणि आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून टर्मिनलपर्यंत लाल ऑइलपेंटची एक बारीक रेघ. नट फिरला की रेघ तुटते, पाना लावून पाहायची गरज नाही. पेटीचं झाकण पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं केलं, त्यात माझे पैसे गेले पण फार बरं झालं, कारण रेघा पाहायचं काम मामाजींनी स्वतःकडे घेतलं. पावसाळ्यात झाकणाला आतून वाफ धरते तेव्हा ते टॉर्च घेऊन बसतात.

दर रविवारी त्यांचा फोन येतो. परवाच्या रविवारी, नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी, मी घरी कूलरमध्ये पाणी भरत होतो.

"जावईबापू, अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस रेघा सरळ आहेत."

"वा, छान झालं मामाजी."

"हो, पण ऊन लय तपून राहिलं. पेटणार तं नाही ना?"