दोन उतारे, एक चूल

माझे बाबा सातारा जिल्ह्यात बत्तीस वर्षं तलाठी होते. मी अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात राहते आणि इंग्रजीत वेस्टर्न रोमान्स कादंबऱ्या लिहिते. घोडे, धुरळा, एकटी मास्तरीण, अबोल शेजारी, असा सगळा मामला. बाबांच्या कामाचा माझ्या कामाला कधी उपयोग होईल, असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवशी मी बियाट्रिसला गेले होते. (स्पेलिंग बघून 'बीट्रिस' म्हणालात, तर गावची माणसं लगेच सुधारतात.) तिथल्या होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्कमधल्या संगणकांवर नेब्रास्कातल्या जुन्या जमिनींच्या फायली फुकट बघता येतात. माझं हस्तलिखित जवळपास पुरं झालं होतं. काळ 1886, जागा कस्टर काउंटी. नायिकेची 160 एकर, शेजाऱ्याची 160 एकर, मधून ओढा. सहाव्या प्रकरणात दोघं जमीन राखण्यासाठी लग्न करतात आणि प्रेमात नंतर पडतात. आमच्या धंद्यातला हा हुकमी एक्का. मला फक्त घराचे किरकोळ तपशील हवे होते.

गाडी लावतेय तोच बाबांचा फोन. इथे सकाळचे दहा, तिकडे रात्रीचे साडेआठ, म्हणजे जेवण उरकलेलं. त्यांनी गोष्ट विचारली, मी सांगितली.

"दोघांचे दोन उतारे," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर राहणार कुठं?"

"त्याच्या घरी."

"मग तिच्या रानात वहिवाट कुणाची? तुझा तो कायदा स्वतः राहायलाच लावतो ना?"

मी गाडीतच बसून राहिले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी 1862 मध्ये सही केलेला तो होमस्टेड कायदा मला पाठ होता: सरकारी 160 एकर, पाच वर्षं तिथंच राहून जमीन कसायची, दोन साक्षीदार आणायचे, मग सनद. एकवीस वर्षांच्या अविवाहित बाईला, विधवेला स्वतःच्या नावानं अर्ज करता येई. नवरा असलेल्या बाईला येत नसे, कारण कुटुंबप्रमुख तो. म्हणजे जमीन राखायला लग्न करायचं नव्हतं, थांबवायचं होतं. माझं सहावं प्रकरण नेमकं उलटं होतं.

पळवाटा होत्या. हद्दीच्या रेषेवर एकच घर बांधायचं, निम्मी खोली इकडे, निम्मी तिकडे. पण ते भावंडांना, मैत्रिणींना चालून जाई; नवराबायकोचं घर एकच धरलं जाई. सहा महिन्यांनी एकरी सव्वा डॉलर भरून मोकळं होता येई, पण दोनशे डॉलर मास्तरणीनं आणायचे कुठून? कायदा मऊ झाला थेट 1914 मध्ये. दोघांनी आपापल्या जमिनीवर एकेक वर्ष काढलं असेल, तर लग्नानं कुणाचा हक्क बुडणार नाही. राहायचं कुठल्या घरात, हे मात्र नवरा ठरवणार!

आत जाऊन मी कस्टर काउंटीच्या फायली उघडत सुटले. पाच वर्षांनी द्यायच्या अंतिम पुराव्याचा छापील फॉर्म बघितला आणि हसूच आलं. घर कधी बांधलं? कुटुंबात कोण? गैरहजर किती काळ? किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतलं? बाबांची पीकपाहणीच ती, फक्त वळणदार इंग्रजी अक्षरात.

तिसऱ्या की चौथ्या फायलीत ती भेटली. नाव लिहीत नाही. 1884 च्या वसंतात अर्ज. घर सॉडचं, म्हणजे नांगरानं गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा विटांसारख्या रचून बांधलेलं. त्या माळावर लाकूड कुठलं? छतातून माती नि कधीकधी साप पडू नयेत म्हणून आतून मांजरपाट ताणायचा. चुलीत गुरांच्या वाळक्या शेणाचे पो. आपल्या शेणीच, फक्त थापलेल्या नव्हेत. त्याच काउंटीत 1886 मध्ये सॉलोमन बुचर यांनी चार क्रिसमन बहिणींचा अशा घरापुढे फोटो काढला होता. एकीनं एकटं राहू नये म्हणून त्या आळीपाळीनं एकमेकींकडे राहत. माझ्या बाईला बहीण नव्हती. 'गैरहजर' या प्रश्नापुढे लिहिलंय: हिवाळ्यात शाळेवर शिकवायला. कुटुंब: अविवाहित.

पुरावा द्यायच्या आधी वर्तमानपत्रात नोटीस छापावी लागे, त्यात चार साक्षीदारांची नावं; साक्ष त्यांतल्या दोघांची. दुसरं नाव लगतच्या जमिनीवाल्याचं. त्याची फाईल काढली. अर्ज 1885. पुरावा 1890, आणि त्यात कुटुंब: बायको. मी काउंटीच्या लग्नांची नोंद शोधली. तिचा पुरावा मे 1889 चा. लग्न त्यानंतर एकोणीस दिवसांनी.

का थांबले, हे कुठंच लिहिलेलं नाही. कदाचित तो तिला आवडायला चार वर्षं लागली असतील. पण एकोणीस दिवस! त्यानं शपथेवर सांगितलंय की शाळेचे हिवाळे सोडले तर ती जमीन सोडून हलली नाही, तिच्या धुऱ्यावर तो रोज असतो. असला प्रसंग मला सुचला नसता, आणि मी सुचण्याचेच पैसे घेते.

दुपारी सहावं प्रकरण काढून टाकलं. पहिल्या पानावरची 'रिकामी जमीन'ही खोडली. त्या मुलखात शिकार करणाऱ्या पॉनी (Pawnee) या मूळ रहिवासी जमातीला 1870 च्या दशकात नेब्रास्कातून इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, जावं लागलं होतं. नायिका येते तेव्हा त्याला जेमतेम दहा वर्षं झालीत. ते शब्द आधीच खुपायला हवे होते.

दुसऱ्या सकाळी बाबांना सगळं सांगितलं. सनद 1890 मध्ये निघाली आणि ती माहेरच्या नावानं निघाली, हे ऐकून ते खूष झाले.

"आणि नंतर? फेरफार कधी झाला? विकली, का पोरांच्या नावावर गेली?"

ते फायलीत नसतं. खरेदीखतं काउंटीच्या कचेरीत, ब्रोकन बो गावात. येत्या मंगळवारी निघतेय. बाबांनी काय काय मागायचं त्याची यादी पाठवलीय, मराठीत, सातबारा धरून.