'व इतर' या दोन शब्दांत अडकलेली नोंदणी

बी.आर्क.चा, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीचा, निकाल लागल्यापासून वास्तुविशारद म्हणून नोंदणी क्रमांक हातात पडेपर्यंत मला जवळजवळ साडेचार महिने लागले आणि त्यांतले तीन महिने महाविद्यालयाच्या एकाच खिडकीपुढे गेले. वास्तुविशारदांची नोंद ठेवणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज कसा करायचा, असे मला मागच्या वर्गातली मुले वरचेवर विचारतात. त्या अर्जाबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. गुणपत्रके, उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र, प्रशिक्षणाचा दाखला, छायाचित्र, स्वाक्षरी आणि शुल्क एवढे जमवून मी तो नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात बसून एका संध्याकाळी भरला. माझे घोडे अडले ते अर्जाच्याही अलीकडे, उत्तीर्णतेच्या प्रमाणपत्रापाशी, आणि तेही तिसऱ्या वर्षाच्या एका अभ्यास सहलीवरून.

क्रमांकाची इतकी घाई कशासाठी, असे घरचे विचारत होते. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे परिषदेकडे नोंद नसलेल्या व्यक्तीला स्वतःच्या नावामागे 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये या कलमाचा अर्थ लावताना बंदी उपाधीवर आहे, कामावर नाही, असे म्हटले, आमच्या ऑफिसातले सर ते मला गमतीने ऐकवत आणि म्हणत, "म्हणजे काम तू करत राहा, नाव आम्ही लावतो." गंमत खरी असली तरी महिन्याच्या अखेरीस मिळणारा आकडा प्रशिक्षणार्थीचाच होता, आणि तो क्रमांक आल्याशिवाय वाढणार नव्हता.

प्रमाणपत्रासाठी आधी ना-थकबाकी दाखला लागतो. त्यावर नऊ सह्या. ग्रंथालय, लेखा विभाग, कार्यशाळा, सर्वेक्षणाची उपकरणे अशा आठ सह्या मी एका दिवसात मिळवल्या. नववी सही 'अभ्यास सहल : अहवाल व मोजणी-नकाशे जमा' या ओळीपुढची होती, आणि त्या ओळीपुढे नोंदवहीत माझे नाव नव्हते.

ती सहल मी विसरणे शक्य नाही. वणी-सापुतारा मार्गे रात्रभर बसने गेलो आणि पुढचे सहा दिवस अहमदाबादेत पायी फिरलो. वास्तुविशारद लुई कानने रचलेल्या आयआयएममधली विटांची कमान आणि तिच्या दोन पायांना बांधून ठेवणारी काँक्रीटची तुळई मी पुस्तकात पाहिली होती, पण कमान पाय बाहेर ढकलते म्हणजे काय करते, हे त्या भिंतीखाली उभे राहिल्यावरच समजले. साबरमती आश्रमातले चार्ल्स कोरियांचे संग्रहालय १९६३ चे. सहा मीटर बाय सहा मीटरचा एक घटक पुन्हा पुन्हा मांडून केलेले, कौलारू छपराचे आणि खिडक्यांना काच नसलेले. ल कॉर्ब्युझिएच्या मिल ओनर्स इमारतीच्या पश्चिमेकडचे काँक्रीटचे उभे पडदे तिरके का आहेत, हे आम्हाला दुपारी चारला तिथे उभे करून मगच विचारण्यात आले; उत्तर डोळ्यांवर येत होते. अडालजच्या पायऱ्यांच्या विहिरीत पाच मजले उतरताना प्रत्येक मजल्यावर हवा थंड होत जाते, ते मी कुठल्याही तक्त्यावर वाचले नसते.

यापेक्षा महत्त्वाचे काम शेवटच्या दोन दिवसांचे होते. जुन्या शहरातल्या एका 'पोळ'मध्ये, म्हणजे एका वेशीच्या आत वसलेल्या घरांच्या गल्लीत, आम्हा सहा जणांच्या गटाला एक लाकडी घर मोजायचे होते. हे शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे मुलांचे घोळके तिथे नवे नाहीत, पण घराच्या बांनी, म्हणजे तिथल्या आजींनी, आम्हाला आत घेण्याआधी चपला कुठे काढायच्या आणि देवघराला टेप लावायचा नाही, हे बजावले. सराफ बाजारातल्या आमच्या वाड्यांत लहानपण गेल्यामुळे चौक, ओसरी आणि खण मला सवयीचे होते. चौकाखालचे टांके मात्र नवे होते: छपरावरचे पावसाचे पाणी नळीने खाली आणून जमिनीखाली साठवायचे. बांनी झाकण उघडून दाखवले आणि मी टेपला दगड बांधून खोली मोजली. आज आमच्या ऑफिसात ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाचा नकाशा आला की नियमाप्रमाणे पावसाच्या पाण्याची व्यवस्था दाखवावी लागते, आणि बहुतेक जण शेवटच्या रात्री कोपऱ्यात एक चौकोन काढून मोकळे होतात. मी तो चौकोन आधी काढते, कारण पाण्याची नळी छपरापासून कुठून खाली येईल याचा विचार उशिरा केला तर ती हमखास एखाद्या खिडकीपुढून जाते.

असो. घराचा चौकाच्या मधून जाणारा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मी काढला होता. नाशिकला परतल्यावर ए१ आकाराच्या आठ शीट एका नळकांड्यात घालून जमा झाल्या. पहिल्या शीटवर सहाही नावे होती. नोंदवहीत लिहिणाऱ्याने मात्र गटप्रमुखाचे नाव लिहून पुढे 'व इतर' असे लिहिले. गटप्रमुखाला सही मिळाली आणि तो बंगळुरूला गेला. उरलेल्यांपैकी तिघांनी गाजावाजा न करता कोणाकडून तरी जुळवून घेतले, असे मला नंतर कळले. राहिलो आम्ही दोघी.

"भाऊसाहेब, त्या 'इतर'मध्ये मी आहे," मी खिडकीतून सांगितले.

"असाल ना, मॅडम. पण 'इतर'मध्ये तुम्ही आहात, हे मी कशावरून लिहून देऊ?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर प्रश्न चूकही नव्हता. संतापाचे कारण पुढे सुरू झाले. सहलीचे प्रमुख असलेले सर महाविद्यालय सोडून गेले होते, तेव्हा 'त्यांचे पत्र आणा' असे सांगण्यात आले. सरांनी दोन दिवसांत मेल पाठवला, तर 'आता ते इथे नाहीत, त्यांची सही चालणार नाही' असे उत्तर मिळाले. मग शीट शोधा. स्टुडिओतल्या मामांनी एका कपाटावरून नळकांडे काढून दिले. त्या पावसाळ्यात तिथे गळती झाली होती आणि नेमकी पहिली शीट, सहा नावे असलेली, ओल येऊन काळी पडली होती. पाचवी शीट मात्र शाबूत होती. तिच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात माझी आद्याक्षरे होती. 'आद्याक्षरे कोणाचीही असू शकतात,' असे उत्तर आले. मग मी फील्ड बुक, म्हणजे जागेवर मोजमापे टिपायची वही, आणले. मोजणीला सुरुवात करण्याआधी घरमालकाची परवानगी लिहून घ्यायची, अशी सरांची शिस्त होती, आणि त्या पानावर आम्हा सहाही जणांची नावे लिहून खाली बांनी सही केली होती. भाऊसाहेबांनी पान बराच वेळ पाहिले.

"सही गुजरातीत आहे. मला वाचता येत नाही."

त्या दिवशी मी सीबीएस बसस्थानकापर्यंत चालत गेले. रिक्षा करण्याइतकाही धीर उरला नव्हता. पुढच्या आठवड्यात कोणीतरी प्रतिज्ञापत्राची वाट दाखवली, म्हणून जिल्हा न्यायालयाच्या आवारात टेबल मांडून बसलेल्या एका गृहस्थांकडून 'मी सदर गटाची सदस्य होते' असे लिहून घेतले, नोटरी करून आणले आणि खिडकीत दिले. ते पाहून 'याची काही गरज नव्हती' असे ऐकावे लागले. ज्याची गरज होती ते काय, हे त्याही दिवशी कोणी सांगितले नाही.

सांगायचे राहिले: खिडकीत दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. मी ते चौथ्या फेरीपासून करू लागले, आणि शेवटी तेच उपयोगी पडले. ऑक्टोबरच्या मध्यात मी प्राचार्यांना एक पानाचा अर्ज दिला, त्यात सहा शिक्के असलेल्या पोचपावत्यांच्या तारखा ओळीने लिहिल्या आणि सोबत फील्ड बुकचे ते पान जोडले. तक्रारीचा एकही शब्द लिहिला नाही. सरांनीच तसे सुचवले होते, नाहीतर माझ्या पहिल्या मसुद्यात विशेषणेच फार होती. प्राचार्यांनी पाचवी शीट मागवून टेबलावर पसरली, चौकाखालच्या टांक्यावर बोट ठेवले आणि ही खोली कशी मोजली, एवढेच विचारले. मी टेप आणि दगडाचे सांगितले. त्यांनी 'नोंद दुरुस्त करावी' असे समासात लिहिले. भाऊसाहेबांनी 'व इतर' खोडून सहा नावे लिहिली, आमच्यासाठी खुर्चीही ओढली. दोघींचे दाखले त्याच दिवशी झाले. दिवाळी तोंडावर होती आणि मी घरी जाताना चिवड्याचे पोहे घेऊन गेले, असा तो आनंद होता.

तिसऱ्या वर्षात असलेल्यांना म्हणून एवढेच सांगते की गटाने काहीही जमा केले तर नोंदवहीत आपले पूर्ण नाव लिहिलेले स्वतः उभे राहून पाहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. आपण काढलेल्या प्रत्येक शीटवर पूर्ण नाव व हजेरी क्रमांक घाला. आद्याक्षरे घालण्याचा डौल प्रॅक्टिस सुरू झाल्यावर करा. फील्ड बुक कधीही जमा करू नका. मागितले तर झेरॉक्स द्या. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि पदवीच्या गुणपत्रकावरचे नाव अक्षरशः जुळते का, हेही आताच पाहून ठेवा, कारण आमच्यातल्या दुसरीचा त्यावरून आणखी महिना गेला. आणि क्रमांक मिळाला म्हणजे संपले असे नाही, नोंदणीचे नूतनीकरण शुल्क मुदतीत भरले नाही तर नाव परिषदेच्या नोंदवहीतून काढले जाऊ शकते. मी ती तारीख ऑफिसातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

नोव्हेंबरच्या अखेरीस माझा क्रमांक आला. त्यानंतर आठवड्याभरात इंदिरानगरमधल्या एका बंगल्याच्या नकाशांवर मी पहिली सही केली. पाण्याच्या टाकीचा चौकोन त्यात जागच्या जागी आहे. सहलीच्या वेळी भरलेली अनामत रक्कम मात्र अजून परत मिळालेली नाही. ती मागायला मी गेल्या महिन्यात गेले होते, तेव्हा खिडकीतून अभ्यास सहल पूर्ण केल्याचा दाखला मागण्यात आला.